पॉइंट काढण्याआधी

आमची प्रीमियर पद्मिनी पुणे जिल्ह्यातल्या पाटसलाच असते. पूर्वी पॉइंटवर चालायची, आता तिच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये सेन्सर आहे. जुनी फियाट सांभाळणारे 'पॉइंट काढून असं इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट टाकू का?' असं विचारतात, त्यांना मी हे सांगतो.

१. आधी गाडी पॉइंटवर नीट चालली पाहिजे. मिसिंग येतंय म्हणून किट, हा उलटा हिशेब. मिसिंग तडकलेल्या कॅपमुळे येतं, झिजलेल्या रोटरमुळे, प्लगच्या जुन्या वायरींमुळे, कार्ब्युरेटरमधल्या कचऱ्यामुळेही येतं. किटने यातलं काहीच बरं होत नाही, जातात फक्त पॉइंट आणि कंडेन्सर. पाटसहून बारामतीकडे निघालं की रोटी घाट लागतो. चार माणसं बसवून तो चढून बघा. चढाला धक्के देणारी गाडी किट टाकल्यावरही धक्केच देते, फक्त खिसा हलका झालेला असतो.

२. पॉइंट नेमका कुठे कमी पडतो ते समजून घ्या. बॅटरी, कॉईल आणि पॉइंट ही रचना अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने १९१०च्या सुमारास कॅडिलॅकसाठी केली आणि पुढे सत्तर वर्षं जगभर तीच चालली. पॉइंट मिटले की कॉईलमध्ये करंट भरतो, उघडले की तो तुटतो आणि त्या झटक्याने प्लगला ठिणगी मिळते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतो. दर वेळी टोकं थोडी जळतात. कंडेन्सर कमजोर असेल तर लवकर जळतात. शिवाय कॅमवर घासणारा फायबरचा तुकडा झिजतो, ०.४ मिलिमीटरच्या आसपास लावलेला गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे पडतं. हे इतकं हळू होतं की रोज गाडी चालवणाऱ्याला कळतही नाही. किटमधल्या सेन्सर आणि मॅग्नेटच्या रिंगमध्ये घासणारं काही नाही, त्यामुळे एकदा लावलेलं टायमिंग टिकतं. खरा फायदा एवढाच. अ‍ॅव्हरेज किती वाढला असं लोक विचारतात. पॉइंट नीट लावलेले असतील तर फारसा वाढत नाही.

३. मग बदलायचं कशाला? पॉइंट लावणारी माणसं कमी होत चालली म्हणून. भीमा-पाटस साखर कारखान्याच्या परिसरात ट्रॅक्टरचे चांगले मिस्त्री आहेत, पण ट्रॅक्टर डिझेलचे. त्यांना ना प्लग, ना पॉइंट. फिलर गेज हातात धरून गॅप लावणारे जुने पेट्रोलवाले मिस्त्री आता थकले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. असली गाडी रोज हाताळणारे गॅरेजवालेही आता दुसऱ्या कामाला लागणार.

४. कॉईल मल्टिमीटरने मोजा. पॉइंटच्या साध्या बारा व्होल्टच्या कॉईलचा प्रायमरी रेझिस्टन्स साधारण तीन ओहम असतो. त्याहून खूप कमी निघाला तर किट जळू शकतं. किटच्या कागदावर किमान ओहम लिहिलेले असतात, ते दुकानदाराच्या तोंडून ऐकू नका, स्वतः वाचा.

५. लाल-काळी वायर उलटी लावायची नाही. पॉइंटला त्याचं सोयरसुतक नव्हतं, सेन्सर मात्र क्षणात जातो. डिस्ट्रिब्युटरची आतली प्लेट नीट अर्थ होते का तेही बघा.

६. अ‍ॅडव्हान्सची वजनं आणि स्प्रिंगा त्याच जुन्या राहतात. कॅप उघडलीच आहे तर त्या साफ करून दोन थेंब तेल द्या. शाफ्टचं बुश ढिलं असेल तर आधी ते बदला. सेन्सर थोडं डगमगणं सहन करतो, रोटर आणि कॅप करत नाहीत.

७. बल्ब लावून टायमिंग बघायची जुनी रीत इथे बहुतेक चालत नाही. टायमिंग लाइट लागते, आणि तीही इंजिन चालू ठेवून.

८. इंजिन बंद तर चावीही बंद. तुकोबांची पालखी वरवंडहून उंडवडीकडे जाते त्या दिवशी पाटसला गाड्या तासन् तास उभ्या राहतात. चावी अर्धी फिरवून गाणी ऐकत बसलात तर कॉईल तापते आणि काही किटंही.

९. डिस्ट्रिब्युटरला भोक पाडायचं नाही, काही कापायचं नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात हवी. इंजिनात बदल केल्याचं दिसलं तर वाद कशाला? कॅपच्या आत मावणारं आणि चार स्क्रूंत निघणारं किटच घ्या.

१०. काढलेली प्लेट, पॉइंट आणि कंडेन्सर गॅप लावून डिकीत ठेवा. सोबत फिलर गेज, स्क्रूड्रायव्हर आणि पॉलिश पेपरचा तुकडा. जळलेल्या सेन्सरला हायवेवर कोणी हात लावत नाही. ही प्लेट मात्र रस्त्याच्या कडेला उभं राहून बसवता येते, फक्त कोणती वायर कुठे होती त्याचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवलेला असावा.