कानातला आवाज आणि बाहेरचा आवाज



गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्यात मिल हाऊस, टर्बाइन व सेंट्रिफ्यूगल यांचा आवाज रात्रंदिवस चालतो. इकडे शेतात ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र, गावात गिरणी, वरातीत डीजे. अशा आवाजात वर्षे काढलेल्या माणसाच्या कानात पुढे बाहेर काही नसतानाही आवाज येऊ लागतो. कुणी म्हणतो, "रातकिडा ओरडतोय," कुणी म्हणतो, "शिट्टी वाजतीय बघा." डॉक्टर याला टिनिटस म्हणतात. विकार जुनाच आहे. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले आहेत, त्यांत 'कर्णनाद' आहे.

पुष्कळांच्या बाबतीत बाहेरच्या आवाजाखाली कानातला आवाज झाकून जातो. काहींचे मात्र उलटे होते. पंखा लावला, नळ सोडला, मोटारसायकल सुरू केली की कानातली शिट्टीही चढते. पंखा बंद केला तरी बराच वेळ उतरत नाही. घरच्यांना हे पटत नाही. "पंख्यानं कुठं काय होतंय व्हय?" असे ऐकून तो माणूस बोलणेच सोडतो, लग्नकार्याला जात नाही, उन्हाळ्याच्या रात्री पंख्याविना जागून काढतो. हा त्रास खरा आहे, ढोंग नव्हे.

असे का होते?

कानाच्या आत शंखाकृती नळीत सुमारे १५,००० बारीक केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. मेंदूकडे जाणारा संदेश मग क्षीण होतो. रेडिओवर दूरचे केंद्र नीट लागत नसले की आपण आवाज वाढवतो. त्याबरोबर खरखरही वाढते. मेंदू तसेच काहीसे करतो, असे शास्त्रज्ञ समजावतात. त्यात भीतीची भर पडते. राखणीला बसलेल्याला पाचोळा वाजला तरी डुक्कर आल्यासारखे वाटते, तसा मेंदू प्रत्येक आवाजावर पहारा करू लागतो.

दोन आवाज वेगळे ओळखा

हाताच्या अंतरावरील माणसाशी ओरडून बोलावे लागले, तर तो आवाज कानाला घातक समजावा. कारखान्यांच्या नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा धरत आले आहेत. दर ५ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९५ ला ४ तास, १०० ला २ तास. अशा ठिकाणी कानबोळे किंवा कर्णकवच लावलेच पाहिजे. नुसता कापूस पुरत नाही.

पंखा, भांडी, घरातले बोलणे हे आवाज त्रास देतात, पण कानाला इजा करीत नाहीत. त्यांच्या धास्तीने दिवसभर कानात बोळे घातले, तर मेंदू आणखी कान टवकारतो आणि साधा आवाजही सोसवेनासा होतो. म्हणून मोठ्या आवाजापासून कान वाचवा, साध्या आवाजापासून पळू नका.

काय करावे?

१. आधी कान तपासून घ्या. मळ, कानाचा संसर्ग, रक्तदाब यांनीही आवाज येतो. जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन, क्विनीन, जास्त मात्रेतील ॲस्पिरिन ही औषधे घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. आपल्या मनाने बंद करू नका.

२. श्रवणचाचणी करून घ्या. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने पुष्कळांचा कानातला आवाजही सौम्य होतो.

३. अगदी शांत खोलीत झोपू नका. कानातल्या आवाजापेक्षा हलका, न बोचणारा आवाज निवडा, जसे हळू लावलेला रेडिओ. सुरुवात दहा मिनिटांनी करा. कित्येक आठवड्यांत वेळ वाढवत न्या. दुसऱ्या दिवशीपर्यंत त्रास चढलेला राहिला, तर एक पायरी खाली या, पण सोडू नका.

४. हा आवाज कायमचा बंद करील असे सिद्ध झालेले औषध आजवर नाही. जाहिरातींच्या थेंबांवर पैसे घालवू नका, कानात तेल ओतू नका. पडद्याला भोक असेल तर ते आत जाते. भीती व झोपेचा त्रास कमी करणाऱ्या समुपदेशनाचा मात्र उपयोग होतो.

थांबू नये अशी लक्षणे: अचानक ऐकू येणे कमी होणे, आवाज एकाच कानात असणे, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणे, चक्कर किंवा तोंड वाकडे होणे. अचानक बहिरेपण आल्यास पहिले काही दिवसच उपचाराचे असतात. "सुगी झाल्यावर बघू" म्हणू नये. उमरग्याच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवावे. पुढे सोलापूर, लातूर, धाराशिव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत.

घरच्या मंडळींना एवढीच विनंती: चेष्टा करू नका, आणि त्याच्यासाठी सगळे घर मुकेही करू नका. समोर बसून, सावकाश, नेहमीच्या आवाजात बोला. महिन्या-दोन महिन्यांत फरक दिसला नाही तरी धीर सोडू नये. आवाज राहिला तरी त्याच्याकडचे लक्ष हळूहळू सुटत जाते, आणि माणूस पुन्हा चारचौघांत बसू लागतो.