पीएफच्या पासबुकातले दहा महिने

मे २०२१ ते फेब्रुवारी २०२२ असे दहा महिने मी पुण्यातल्या सिंहगड रोडवरच्या फ्लॅटमधून एकाच वेळी दोन कंपन्यांत नोकरी केली. एक लॅपटॉप डायनिंग टेबलावर, दुसरा इस्त्रीच्या टेबलावर. स्टँडअप दोन्हीकडे साडेदहालाच. एकदा म्यूट आहे समजून एकीकडचं स्टेटस दुसरीकडच्या कॉलवर सांगून बसलो. लीडनं विचारलं, "हे कुठलं मॉड्यूल रे?" आई तर दारातूनच हळू आवाजात विचारायची, "आत्ता कुठल्या ऑफिसात आहेस? चहा आणू का?"

पैसे आले, खोटं कशाला बोलू. दोन्हीकडे महिना लाख-लाख. पण दोघांनीही मला आपला एकुलता एक समजून कराचे स्लॅब शून्यापासून लावले, ५०,००० ची प्रमाणित वजावटही दोनदा दिली. रिटर्न भरायला बसलो तर दोन लाखांवर कर बाकी, वर २३४बी आणि २३४सीचं व्याज. सीए म्हणाला, "अ‍ॅडव्हान्स टॅक्स तरी भरायचास!"

लीडला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. पकडलं पीएफनं. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोच्या रिशद प्रेमजींनी प्रतिस्पर्ध्यांकडेही काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचं सांगितलं, तेव्हा मी तिसऱ्याच कंपनीची ऑफर घेऊन बसलो होतो. तिथल्या पडताळणीवाल्यांनी यूएएनची, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरची, सर्व्हिस हिस्ट्री मागितली. नंबर एकच, त्याखाली दोन कंपन्या, तारखा एकमेकींवर चढलेल्या. ऑफर गेली. दुसरीकडे पीएफ कापत नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका. टीडीएस कापला की पॅनवरच्या २६एएसमध्ये दोघांचीही नावं येतात.

जोडकाम करायचंच असेल तर आधी ऑफर लेटरमधलं दुसऱ्या नोकरीबद्दलचं कलम वाचा. एचआरकडून परवानगी ईमेलवर घ्या, तोंडी 'चालेल'ला काही अर्थ नसतो. ऑगस्ट २०२२ मध्ये स्विगीनं तर अटी घालून तशी मुभाच दिली होती. एकीकडचा लॅपटॉप दुसरीकडच्या कामाला उघडू नका.

आणि आज दोन्हीकडे असाल तर एकीकडे राजीनामा द्या, नोटीस पिरियड भरा, रिलीव्हिंग लेटर घ्या. मी घाबरून एक दिवस नुसताच लॉगिन करायचा थांबलो. ते दहा महिने आता बायोडेटात लिहिता येत नाहीत, नि पासबुकातून खोडताही येत नाहीत.