सूची कोणत्या प्रश्नासाठी?

हदगाव तालुक्यातील एका गावात तुमच्या आजोबांची तीन शेते तीन दिशांना आहेत, असे समजा. पीककर्जासाठी त्या सर्वांची माहिती हवी आहे. गावाच्या दप्तरात सातबारा गट क्रमांकानुसार असतो. 'गट क्रमांक २१४ कोणाचा?' याचे उत्तर त्यात चटकन मिळते. पण 'आजोबांचे गट कोणते?' असे विचारले, तर सगळी पाने चाळावी लागतील!

म्हणूनच गाव नमुना ८-अ असतो. त्यात एका खातेदाराचे सर्व गट एकत्र लिहिलेले असतात. माहिती तीच, मांडणी निराळी. हीच सूची.

आता थोडे गणित करू. १,००० नोंदी कशाही लावल्या असतील, तर हवी ती सापडेपर्यंत सरासरी सुमारे ५०० पाहाव्या लागतात. त्या क्रमाने लावल्या असतील, तर मधली नोंद पाहा. हवी असलेली नोंद अलीकडे की पलीकडे, हे कळते व निम्म्या नोंदी बाद होतात. असे १० वेळा केले की काम झाले, कारण १० वेळा दुप्पट केल्यास १,०२४ होतात. दहा लाख नोंदींनाही २० पायऱ्या पुरतात. बायर व मॅक्क्राइट यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या 'बी-वृक्ष' रचनेत तर प्रत्येक पायरीला दोनच नव्हे, अनेक फाटे असतात. संगणकातील माहितीसाठ्यांत ही रचना फार वापरली जाते.

मात्र प्रश्नही सूचीला साजेसा हवा. आडनाव, मग नाव, अशा क्रमाची यादी घ्या. 'आडनाव शिंदे' हे लगेच सापडेल. परंतु 'नाव माधव' किंवा 'नावाच्या शेवटी राव' असे विचारल्यास तो क्रम निरुपयोगी ठरतो. पुन्हा सगळी यादी वाचणे आले.

मग प्रत्येक प्रश्नासाठी सूची का करू नये? शेत विकले की फेरफार मंजूर होऊन सातबारा बदलतो. त्याबरोबर विकणाऱ्याचा व घेणाऱ्याचा ८-अ सुद्धा बदलावा लागतो. एक जरी राहिला, तरी सूची खोटे सांगू लागते आणि शेतकऱ्याचे काम अडते. जितक्या सूच्या, तितकी दुरुस्ती. म्हणून जो प्रश्न वारंवार विचारला जातो, त्याचीच सूची करावी.

करून पाहा : वर्गाच्या हजेरीपटावरून गावांनुसार सूची तयार करा. नवा विद्यार्थी आल्यास किती ठिकाणी लिहावे लागेल?