नळापाशीची छत्री

अगं, परवा फोनवर म्हणालीस ना, घरामागं काही जगत नाही, लॉन दुसऱ्यांदा पिवळं पडलं म्हणून? आता त्याच्यावर आणखी पैसे घालू नकोस. तुझ्या त्या उत्तरेच्या भिंतीला जेमतेम तासभर ऊन. तेवढ्यावर लॉनचं भागत नाही. तिथे अंब्रेला पाम लाव.

नर्सरीवाले पाम म्हणतात खरे, पण ते आपल्या लव्हाळ्याच्या कुळातलं. इजिप्तमध्ये ज्याचा कागद करायचे तो पपायरसही ह्याचाच भाऊबंद, फक्त त्याला भरपूर ऊन लागतं. लव्हाळ्याची काडी लहानपणी आपण बोटांत फिरवायचो, तीन कडा लागायच्या, आठवतं? म्हणून शेतातला लव्हाळा मात्र आणू नकोस हं. त्याच्या गाठी एकदा मातीत रुजल्या की वर्षानुवर्षं खुरपत बसशील.

रोप विकत घेऊ नकोस, माझ्याकडच्या चार छत्र्या ने. दांडा दोन बोटं ठेवून छत्री कापायची, पानं कात्रीनं निम्मी छाटायची आणि पाण्यात उलटी घालायची, दांडा वर, पानं खाली. दोन-तीन आठवड्यांत पानांच्या बेचक्यातून पांढरी मुळं सुटतात आणि मधून टाचणीएवढा हिरवा कोंब डोकावतो. पहिल्यांदा तो दिसला तेव्हा मी आईला स्वयंपाकघरातून हाक मारून आणलं होतं.

मग नळापाशी, जिथे कायम ओल असते, तिथे लाव. ह्याला पाणी जास्त होत नाही. कमी पडलं की पानांची टोकं करपतात. अगदी काळोख्या बोळात मात्र नको, दांडे उजेडाकडे कलतात.

टबात ठेवलंस तर आठवड्याला पाणी ओतून टाक आणि टबाची कड आतून घासून घे. एवढं माझं ऐकच. डेंगीच्या डासाची अंडी कडेला चिकटून बसतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत. गेल्या पावसाळ्यात मी कंटाळा केला आणि धाकट्याला ताप भरला. साधाच निघाला, पण रिपोर्ट येईपर्यंत डोळ्याला डोळा नव्हता माझ्या.

पिवळे दांडे बुडातून कापत जा. गड्डा फार दाटला की पावसाच्या तोंडावर कोयत्यानं फोडून वेगळा कर. उरलेलं ओढ्यात फेकू नकोस, पाण्याकाठी भराभर पसरतं ते.

रविवारी येशील ना? रुंद तोंडाची बरणी घेऊन ये, छत्र्या वाटेत सुकायला नकोत.