लकव्यानंतर विसर पडतो, तर डोक्याला करंट द्यावा का?

मैत्रिणींनो, लकव्याने हातपाय गेले की सगळ्यांना दिसते. पण हप्ता भरला का, गोळी घेतली का, हे बाईला आठवत नाही, तेव्हा घरचे म्हणतात, "मुद्दाम करते." मुद्दाम नाही हो! मेंदूच्या काही भागाला रक्त मिळाले नाही, म्हणून आठवण कमजोर होते.

यावर 'टीडीसीएस' नावाची पद्धत वापरून पाहिली जाते. डोक्यावर ओले स्पंज ठेवून १ ते २ मिलिअँपिअर इतका हलका करंट साधारण २० मिनिटे देतात. रुग्ण जागा असतो. थोडी खाज, मुंग्या येतात. मानसिक आजारात बेशुद्ध करून देतात, तो शॉक वेगळा. मात्र आठवणीसाठी झालेले अभ्यास लहान आहेत आणि निकाल सारखे नाहीत. त्यामुळे हा खात्रीचा उपचार नाही.

कोणी "पॅकेज" सांगितले, तर गटातून कर्ज काढण्याआधी नागपूरच्या मेडिकल, मेयो किंवा एम्समध्ये विचारा. फिट येत असेल, डोक्यात धातू किंवा छातीत पेसमेकर असेल, तर आधीच सांगा.

घरी आजपासून काय करता येईल?
- गोळ्या, चष्मा, पासबुक रोज एकाच जागी ठेवा.
- कॅलेंडरवर गोळी आणि हप्त्याची खूण करा. लिहिता येत नसेल, तर चित्र काढा.
- एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि तिच्याकडून परत म्हणवून घ्या.
- बीपी-शुगरची गोळी मनाने बंद करू नका. दुसरा झटका उरलेली आठवणही नेऊ शकतो.

पुढच्या बैठकीत हे मोठ्याने वाचा. अशा ताईच्या शेजारी बसून तिच्या पासबुकातली नोंद तिला दाखवा.