पहिली दोन वर्षे

सुरतच्या उधना स्टेशनावरून तापीखोऱ्याच्या मार्गाने जळगावकडे जाणारी गाडी सुटली, की तिच्या आवाजावरून आमच्या वस्तीतील वडीलधारी मंडळी अजूनही वेळ ओळखतात. कारण धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून पोटासाठी ती ज्या वाटेने येथे आली, तीच वाट तिच्या मनात अद्याप परतीची म्हणून जागी आहे. अशाच एका घरातील, लूमच्या खात्यावर, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, 12 तासांची पाळी करणाऱ्या बापाची मुलगी नर्सिंगचा जीएनएम हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून आणि गुजरात नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हाती घेऊन सहा महिने घरी बसली होती. ती माझी मराठी शाळेतील विद्यार्थिनी. सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या आणि साऱ्या गल्लीला सिस्टरमावशी म्हणून परिचित असलेल्या बाईंकडे एका रविवारी मी तिला घेऊन गेलो. त्या दोघींचे जे बोलणे झाले, ते आठवते तसे येथे देत आहे.

मुलगी : मावशी, वर्तमानपत्रांत तर नर्सचा तुटवडा आहे असे सारखे छापून येते. मग माझ्या अर्जाला उत्तर का येत नाही?

मावशी : बाळ, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. रुग्णाला नर्स हवी असते. परंतु नर्सला मोबदला देऊन नेमण्याची तयारी नेमणाऱ्याची असतेच असे नाही. 1994 च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग उठला, तेव्हा कितीतरी खासगी दवाखान्यांची दारे बंद झाली, माणसे मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाली आणि आम्ही सरकारी वॉर्डात तोंडाला फडके बांधून उभ्या होतो. 2020 च्या साथीतही ठिकठिकाणी मुदतीच्या कराराने नर्सा घेतल्या गेल्या, आणि साथ ओसरताच त्यांची मुदत संपली. गरज आणि जागा यांतले हे अंतर तू आधी समजून घे, म्हणजे स्वतःला दोष देणार नाहीस.

मुलगी : घराजवळ 12 खाटांचे एक इस्पितळ आहे. दरमहा नऊ हजार रोख देऊ म्हणतात. नेमणुकीचे पत्र मात्र देत नाहीत, आणि मूळ प्रमाणपत्रे आमच्याकडे ठेवा म्हणतात.

हे ऐकताच मावशींनी हातातली तांदळाची परात बाजूला ठेवली.

मावशी : मूळ प्रमाणपत्र कोणाच्याही कपाटात ठेवायचे नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलीला असेच ठेवावे लागले, आणि दुसरीकडे मुलाखतीला जायची वेळ आली तेव्हा ते परत मिळविण्यात तिची ती संधी निघून गेली. तपासायला दाखवावे, साक्षांकित प्रत द्यावी, मूळ कागद घरी आणावा. आणि नऊ हजारांविषयी म्हणशील, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने 50 पर्यंत खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना 20,000 रुपयांहून कमी वेतन नसावे आणि 200 हून अधिक खाटा असतील तेथे ते सरकारी नर्सच्या बरोबरीचे असावे, अशी शिफारस केली आहे. अंमल राज्यांवर सोपवला गेला, आणि तो कसा झाला हे तू प्रत्यक्षच पाहते आहेस. तरी आपल्या कामाची किंमत किती मानली गेली आहे, हे ठाऊक असलेले बरे.

मुलगी : काही नसण्यापेक्षा नऊ हजार बरे, असे बाबा म्हणतात.

मावशी : बाबांचे चुकत नाही, त्यांना घरभाडे दिसते. पण मला तुझी पुढची तीस वर्षे दिसतात. एम्सची नॉरसेट नावाची परीक्षा 2020 पासून होते. तिच्यातून देशभरच्या एम्समध्ये नर्सिंग ऑफिसर नेमले जातात, आणि केंद्राच्या सातव्या वेतन आयोगाप्रमाणे त्या हुद्द्याचे मूळ वेतनच 44,900 रुपयांपासून सुरू होते. आपल्याकडे राजकोटला आणि तिकडे नागपूरलाही एम्स आहे. बीएस्सी झालेल्या मुलीला त्या परीक्षेला अनुभवाची अट नाही. तुझ्यासारख्या जीएनएमला मात्र किमान 50 खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. आता सांग, 12 खाटांच्या ठिकाणी तू दोन वर्षे काढलीस आणि पत्रही मिळाले नाही, तर त्या दोन वर्षांचे काय झाले?

मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटते, इतक्या स्पष्टपणे हा हिशेब तिच्यापुढे कोणीच मांडला नव्हता. नर्सिंगच्या कॉलेजांनी प्रवेशाच्या वेळी जेवढ्या उत्साहाने बोलावे, तेवढ्याच उत्साहाने निरोपाच्या दिवशी ही एक अट सांगितली, तर कितीतरी मुलींची वर्षे वाचतील.

मुलगी : मग सरकारी भरती? महाराष्ट्रात अर्ज करू का?

मावशी : तेथे सामान्यतः 15 वर्षांच्या वास्तव्याचा अधिवास दाखला मागतात, आणि तू तर जन्मापासून उधन्याची. शिवाय तिकडे काम करायचे तर येथल्या कौन्सिलचे ना-हरकत पत्र घेऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंद करावी लागते. 1 मे 1960 पूर्वी ही दोन्ही राज्ये एकच होती. आता कागद वेगळे झाले. जातीच्या दाखल्याचेही तसेच आहे. वडिलांच्या मूळ राज्याचा दाखला केंद्राच्या भरतीत चालतो, पण गुजरात शासनाच्या जागांत तो आरक्षणासाठी चालत नाही. म्हणून येथे तुला खुल्या जागेवरच उतरावे लागेल. गुजराती नीट लिहिता-वाचता येते ना?

मुलगी : येते. मैत्रिणी सगळ्या गुजरातीच.

मावशी : मग ती तुझी मोठी शिदोरी आहे. मराठी, अहिराणी, हिंदी, गुजराती या चारही भाषांत रुग्णाचे दुखणे समजणारी नर्स लिंबायत-पांडेसऱ्यात फार मोलाची. 2018 पासून उपकेंद्रांवर सामुदायिक आरोग्य अधिकारी नेमतात. जीएनएमला त्यासाठी सहा महिन्यांचा जोडअभ्यासक्रम करावा लागतो. काम कराराचे आहे, पण उपकेंद्रात तूच प्रमुख. दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी केलेस, तर शिकवण्याच्या कामाचीही वाट उघडते.

मुलगी : आणि कारखाने? येथे तर दारोदार कारखाना.

मावशी : 1948 च्या कारखाना कायद्याने 500 हून अधिक कामगार असतील तेथे वैद्यकीय व परिचर्येच्या माणसांसह रुग्णकक्ष ठेवण्याची सक्ती घातली. आपल्या गल्लीतील लूमची खाती त्या संख्येच्या कितीतरी खाली. म्हणून तुझे बाबा ज्या खात्यावर उभे असतात, तेथे नर्स नसते. हजिऱ्याच्या मोठ्या कारखान्यांत मात्र विचारून पाहा.

मुलगी : एका दलालाने जर्मनीचे सांगितले आहे. दोन लाख मागतो.

मावशी : एक पैसाही देऊ नकोस. 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना घेतलेल्या दलालालाही 30,000 रुपये आणि त्यावरील कर याहून अधिक घेता येत नाही. त्याची नोंद ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. आणि जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळवायची, तर जर्मन भाषेची साधारण बी-2 पातळी गाठावी लागते. ते वर्षभराचे कष्ट दोन लाखांनी टळत नाहीत. परदेशी जाण्यात गैर काही नाही. परंतु तेथेही पहिला प्रश्न हाच, की मोठ्या वॉर्डात किती दिवस काम केलेस.

मुलगी : म्हणजे आधी मोठे रुग्णालय. लांब असले तरी, रात्रपाळी असली तरी.

मावशी : आधी ते. नेमणुकीचे पत्र, दरमहा बँकेत पगार, आणि सोडताना खाटांची संख्या लिहिलेला अनुभवाचा दाखला. या तिन्हींचे होकार रुजू होण्यापूर्वी मागून घे. नंतर मागणे जड जाते.

मावशींच्या या मतापुढे मी एवढीच पुस्ती जोडतो, की सारा भार मुलींवर टाकून आपण मोकळे होऊ नये. सुरतेत इस्पितळे चालविणाऱ्या डॉक्टरांना माझी विनंती आहे : खाटा बारा असोत वा दोनशे, नेमणुकीचे पत्र द्यायला एक कागद लागतो, तो द्यावा, आणि मुलींची प्रमाणपत्रे त्यांच्या घरी राहू द्यावीत.