सांधेदुखी आणि टेन्शन



आमच्या इंदूरच्या महिला गटातल्या एका काकूंना बरीच वर्षं र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, आपण ज्याला आमवात म्हणतो तो. मुलीचं लग्न ठरलं आणि दुखणं एकदम वाढलं. सकाळी तासभर बोटं वळेनात. आम्ही सगळ्याजणी म्हणालो, "काकू, टेन्शन घेऊ नका, सगळं मनाचं असतं." हे आमचं चुकलंच. काकूंनी ते खरं मानलं आणि गोळ्या बंद केल्या. काही दिवसांतच मनगटं सुजली.

दुखणं मनाचं नसतं. या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, सूज खरीच असते. ताण त्यात भर घालतो. स्नायू आवळले जातात, झोप मोडते, आणि झोप कमी झाली की तेच दुखणं दुप्पट वाटतं. मग दुखतं म्हणून पुन्हा झोप नाही. ज्यांचे गुडघे झिजलेत त्यांनाही हा अनुभव येतो.

म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट दिली असेल तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. लगीनघाईत चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. तेव्हा वार कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि घरात दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवा.

काकूंच्या गोळ्या डॉक्टरांनी पुन्हा सुरू केल्या. सोबत आम्ही त्यांना एक वही दिली. रोज दोनच ओळी: झोप किती, दुखणं दहापैकी किती, घरात काय झालं. तीन आठवड्यांनी वही वाचली तर गंमतच! पापड-लोणच्यांच्या दिवशी दुखणं फारसं नव्हतं, मानपानाचे फोन झाले की दुसऱ्या दिवशी सकाळी हमखास वाढलेलं. आता ते फोन काका घेतात. (काकांनाही थोडं कळू दे!)

बाकी उपाय साधेच. गरम पाण्याचा शेक, झेपेल तेवढं चालणं, काम तुकड्यातुकड्याने. झोपताना पाच मिनिटं श्वास सावकाश घ्या, आणि सोडताना त्याहून सावकाश सोडा. माळ ओढताना बोटं दुखत असतील तर माळ ठेवा बाजूला, नाम मनातल्या मनात घेतलेलं चालतं. एखादा सांधा अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

खाली बसवत नाही म्हणून दोघी-तिघी यायच्या थांबल्यात, असं परवा कळलं. येत्या गुरुवारपासून मागच्या भिंतीला खुर्च्या मांडतोय. संकोच न करता या.